पगाराची तारीख

महिना संपत आला म्हणजे आमच्या सोलापुरांत, शुक्रवार पेठेंतल्या घराघरांत, एक हिशेब मनांतल्या मनांत सुरू होतो. वाण्याची उधारी, दुधाचे पैसे, घरभाडें, मुलांची फी, औषधपाणी. हा सारा हिशेब घरांतील मिळवत्या माणसाच्या पगाराच्या तारखेवर उभा असतो. ती तारीख आठ दिवस पुढें गेली कीं वाण्यापुढें मान खालीं घालावी लागते. म्हणून नोकरी करणाराच्या हक्कांविषयीं आज जें सांगावयाचें आहे, त्याची सुरुवात मी या तारखेपासूनच करतों.

श्रोतेहो, ही तारीख कोणा मालकाच्या मेहेरबानीनें ठरलेली नाहीं. सप्टेंबर १८८४ मध्यें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईस गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, कामावर इजा झाल्यास भरपाई, आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत! पगार वाढवून द्या असें त्यांत म्हटलें नव्हतें. मिळविलेला पगार वेळेवर द्या, एवढेंच म्हटलें होतें. रविवारची सुटी १० जून १८९० रोजीं मान्य झाली. पगाराच्या तारखेस मात्र कायद्याचें बळ मिळावयास १९३६ साल उजाडावें लागलें. आमची जुनी गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. तिच्यांत पहिला ताणा लावणारांचीं नातवंडें कामाला लागण्याच्या वयाचीं झालीं, तेव्हां कोठें हा कायदा आला.

तो १९३६ चा कायदा, १९४८ चा किमान वेतनाचा, १९६५ चा बोनसचा आणि १९७६ चा समान वेतनाचा, हे चार कायदे एकत्र करून वेतनसंहिता २०१९ सालीं संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. तिच्यांतील कांहीं गोष्टी प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत मिळाला पाहिजे. नोकरी सोडली किंवा नोकरीवरून काढलें, तर कामाच्या दोन दिवसांत सारी बाकी चुकती झाली पाहिजे. कापून घ्यावयाच्या सर्व रकमा मिळून निम्म्या पगारापेक्षां अधिक होतां कामा नयेत. दंड करावयाचा तर आधीं नोकराचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें, आणि तो दंड शेंकडा तीन टक्क्यांच्या वर जातां कामा नये. जादा कामास दुप्पट दर आहे. सारख्या कामास स्त्रीपुरुषांना सारखा पगार आहे.

यावर पुष्कळदां एक उत्तर ऐकूं येतें : ‘त्यानें कमी पगार स्वतःच कबूल केला होता, आम्ही कोठें सक्ती केली?’ या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं दिला आहे. दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचा तो दावा होता. किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलें काम ही घटनेच्या तेविसाव्या कलमानें निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरीच होय, आणि पोटाची निकड हीहि एक सक्तीच आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्या भाषेंत तिला वेठ म्हणतात.

आमच्या शहराच्या पूर्व भागांत विडी वळणाऱ्या हजारों बायका आहेत. पान, तंबाखू व दोरा घरीं आणावयाचा, वळलेल्या विड्या नेऊन द्यावयाच्या, आणि हजारी दरानें मजुरी घ्यावयाची. विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या कीं तेवढी मजुरी बुडण्याची धास्ती. काम घरीं होतें, देखरेखीला कोणी नसतें, मग ही बाई कोणाची नोकर? हा वाद देशभर चालला होता. १९६४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रासकडील एका दाव्यांत अशा मजुरांना कामगार ठरविलें. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानें घरीं काम करणारांस कामगारांच्या व्याख्येंतच घेतलें. आणि १९७४ सालीं तो कायदा न्यायालयांत टिकला. चुलीपाशीं बसून केलेलें काम हेंहि कामच, एवढें मान्य होण्यास इतकीं वर्षें लागलीं.

परंतु हक्क कायद्यांत असणें आणि हातीं येणें यांत कागदाचें अंतर असतें. पगारपत्रक देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. पगार दिला होता हें शाबीत करण्याचा भारहि कायद्यानें मालकावरच टाकला आहे. तरीहि नेमणुकीचें पत्र, हजेरीची नोंद, बँकेचें पुस्तक हीं जवळ ठेवावींत. बुडालेल्या पगाराचा अर्ज तीन वर्षांच्या आंत करतां येतो, आणि तो संघटनेच्या वतीनेंहि करतां येतो. एकट्यानें पुढें होण्याची भीति वाटत असेल, तर ही वाट मोकळी आहे. मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यास आहे.

पगाराइतकीच अब्रूहि मोलाची. कामाच्या जागीं स्त्रीशीं लैंगिक गैरवर्तन झाल्यास २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक कचेरींत तक्रार-समिती असलीच पाहिजे. लहान ठिकाणांसाठीं जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आंत लेखी द्यावी लागते. घरकाम करणारी बाईहि या कायद्याच्या कक्षेंत येते, हें फार थोड्या घरांना ठाऊक असतें.

आणि येथें, श्रोतेहो, प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आंत येतो. आपण केवळ पगार घेणारे नाहीं, देणारेहि आहोंत. आपला पगार दोन दिवस लांबला तर आपण कचेरींत चौकशी करतों. भांडीं घासणाऱ्या बाईचा पगार मात्र पाहुणे आले म्हणून, सुटे पैसे नाहींत म्हणून, सहज पुढें ढकलतों. तिच्याहि घरीं तीच उधारी आणि तोच वाणी असतो. तिच्या दोन खाड्यांचे पैसे कापतांना आपण तिचें म्हणणें ऐकून घेतों काय, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेस तिचा पगार तिच्या हातीं द्यावा आणि तिच्या वहींत रक्कम व तारीख लिहून सही करावी. मग आपल्या कचेरींत जाऊन आपलें पगारपत्रक मागावें.