ऑर्केस्ट्रा ऐकायला बचत गट गेला तर?

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणपतीतला सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम येतो. आज ज्याबद्दल बोलायचं आहे तो ऑर्केस्ट्रा वेगळा आहे.

मुंबईला नरिमन पॉइंटवर एनसीपीए ही संस्था आहे. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ साली तिथे ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा केला. वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, त्याचे कार्यक्रम असतात.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘बाई, त्यातलं आपल्याला काय समजणार?’ आम्ही म्हणतो, आपल्या लग्नातला बँड आठवा. त्यातलं क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि मोठा ढोल इंग्रजांच्या लष्करी बँडमधून आपल्याकडे आले. याच जातीची वाद्यं सिंफनीतही असतात. शिवाय भरपूर व्हायोलिनं, बासऱ्या, चेलो. मोठी रचना असली की ७०-८० वादक एकत्र वाजवतात. समोर कंडक्टर उभा असतो. एस.टी.च्या कंडक्टरने घंटी मारली की गाडी निघते, तसं याच्या हातातली छडी हलली की सगळे एकदम सुरू होतात. एका रचनेचे बहुधा तीन-चार भाग असतात. मधे शांतता झाली तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेवटी वाजवायच्या. एवढं माहीत असलं की पुरे.

आणि हे सगळं परदेशीच असतं असंही नाही. उस्ताद झाकीर हुसेन यांनी याच ऑर्केस्ट्रासाठी तबल्याची ‘पेशकार’ ही रचना केली. २०१५ साली मुंबईत ती पहिल्यांदा वाजली.

बायांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. व्हिएन्नाचा फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा जगात नावाजलेला. १८४२ पासूनच्या त्या ऑर्केस्ट्रात बाईला सभासद करून घ्यायला १९९७ साल उजाडलं. मुंबईच्या ऑर्केस्ट्रात आज बाया व्हायोलिन घेऊन बसतात.

दुसरा प्रश्न खरा अवघड आहे. ‘देवाला जायचं म्हटलं तर घरचे जाऊ देतात. नुसतं वाजवणं ऐकायला मुंबईला जाते म्हटलं तर काय म्हणतील?’ आपण कर्ज काढतो ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, लेकराच्या फीसाठी. स्वतःच्या दोन कानांसाठी खर्च केला असं सांगणारी बाई आम्हाला क्वचितच भेटते. म्हणून आमचं म्हणणं असं, की हा विषय एकटीने घरात काढू नका. गटाने काढा. पाच-सहा जणी मिळून जात असल्या की घरच्यांचाही जीव थाऱ्यावर राहतो.

पैशाचं आधीच ठरवा. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. जिला जायचं तिने महिन्याला ५० रुपये वेगळे ठेवले तर वर्षाला ६०० होतात. त्यात सगळं भागणार नाही, पण सुरुवात होते. तिकिटाचे दर जागेप्रमाणे कमी-जास्त असतात, ते आधी विचारून घ्या. मलकापूरला किंवा शेगावला रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. कार्यक्रम बहुधा संध्याकाळी असतो, म्हणून एका रात्रीच्या मुक्कामाची सोय निघण्याआधी पक्की करा. ज्या गटांचा माल मुंबईच्या सरस प्रदर्शनात जातो, त्यांनी तारखा जुळतात का तेही बघावं.

यंदा सप्टेंबरात जमलं नाही तर फेब्रुवारी आहे. तोवर गटाच्या बैठकीत कर्जफेडीचा हिशेब झाला की दहा मिनिटं मोबाइलवर एखादी सिंफनी लावा. आवडलं नाही तर तसं सांगा. आवडलं, तर कोण कोण येणार त्यांची नावं वहीत लिहून ठेवा.