कधी चालू, कधी बंद

पार बंद पडलेला कॉम्प्युटर एका अर्थी परवडला. त्याचा दोष कायम हजर असतो, म्हणून लवकर सापडतो. डोकं उठवतो तो लहरी कॉम्प्युटर. सकाळी बटण दाबून दाबून बोट दुखलं तरी ढिम्म, आणि दुरुस्तीवाला दारात आला की पहिल्या झटक्यात सुरू! अशा वेळी पेचकस नंतर, आधी कागद-पेन्सिल घ्या. केव्हा सुरू झाला नाही, दिवा लागला का, पंखा फिरला का, हे चार दिवस टिपून ठेवा. दोष कधी दिसतो यावरून तो कुठे आहे, हे बरंचसं कळतं.

वायर हलवली की सुरू होत असेल, तर खोट भिंतीपासून कॅबिनेटपर्यंतच्या वाटेवर आहे. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. मागे वायर घट्ट बसवा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

आता बटणाकडे येऊ. 1995 साली इंटेलने एटीएक्स ही रचना आणली, तेव्हापासून हे बटण वीज जोडत-तोडत नाही. दारावरच्या घंटेसारखी ते फक्त वर्दी देतं. आत 5 व्होल्टचा एक लहान प्रवाह सदैव जागा असतो. बटणाची वर्दी मिळाली की मदरबोर्ड एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, सुरू व्हायला सांगतो. म्हणून मदरबोर्डवरचा बारीक दिवा लागलेला असूनही काहीच हालचाल नसेल, तर बटणावर संशय घ्या. रीसेटच्या बटणाची वायर काढून पॉवरच्या दोन पिनांवर लावून पाहा. रीसेट दाबल्यावर दर वेळी सुरू झाला, तर चोर सापडला.

पंखा गर्रकन फिरून थांबतो, किंवा फिरत राहतो पण पडदा काळाच? मग रॅम पाहा. पावसाळ्यातल्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवा आणि खट्ट आवाज येईपर्यंत रॅम बसवा. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा जोडही एकदा दाबून घ्या. तारीख-वेळ सारखी चुकत असेल, तर सीआर 2032 ही 3 व्होल्टची चपटी बॅटरी बदला.

आणि थंडीतल्या सकाळी अडतो, पाच-सहा वेळा बटण दाबलं की चालतो, मग दिवसभर कुरकुर नाही? हे बहुधा म्हाताऱ्या कपॅसिटरचं लक्षण. त्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो, आतला अडथळा वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. थोडा ऊबदार झाला की काम निभावतो. मदरबोर्डवर असा कपॅसिटर डोक्याशी फुगलेला दिसतो. एसएमपीएसमधला मात्र पाहायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्या डब्यात 300 व्होल्टच्या वर वीज साठून राहिलेली असू शकते. तो डबा उघडायचा नाही, दुसरा लावून पाहायचा.

एक पथ्य पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम आणि एसएमपीएस एकदमच बदलले, तर कॉम्प्युटर सुरू होईल, पण धडधाकट वस्तू भंगारात जाईल आणि पैसे दुप्पट लागतील.

आणि हो, अडखळत का होईना, ज्या दिवशी तो सुरू होईल, त्या दिवशी आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. बिघडलेला एसएमपीएस जाताना कधीकधी हार्ड डिस्कलाही सोबत नेतो. डबा बाजारात मिळतो, डिस्कवरचे फोटो मिळत नाहीत.