एकी कुणाची, फूट कुणाची?

(महिला ग्रामपंचायत सदस्य आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मला विषय दिला आहे, ‘राजकारणामुळे समाजात पडणारी फूट : घातक की हितकारक?’ याचं उत्तर आपल्याला शाळेतच पाठ करून दिलेलं असतं. सुटी काटकी मोडते, मोळी मोडत नाही. म्हणून एकी चांगली, बेकी वाईट. पण मोळी बांधली कुणी, कुणाच्या चुलीसाठी बांधली, आणि काटक्यांना कुणी विचारलं होतं का, हे त्या गोष्टीत कधी येत नाही. मला आज तेच विचारायचं आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की देवळात किंवा पारावर बैठक बसते. ‘यंदा बिनविरोध करू’ असं ठरतं. कुणी ठरवलं? चार वाड्यांतल्या चार कारभाऱ्यांनी. राखीव जागांवर बायकांची नावं घालायची असतात, ती घरच्या पुरुषांना विचारून घातली जातात. आणि एखादीने स्वतःहून अर्ज भरला, की संध्याकाळी तिच्या ओट्यावर माणसं येतात. ‘वहिनी, कशाला गावात दुफळी करता? मागं घ्या अर्ज.’ असे अर्ज मागे घेतलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांना कुणी मारलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. ‘तुझ्यामुळे गाव फुटलं’ हा ठपका कोणत्याही बाईला नको असतो, तेवढं पुरतं.

बिनविरोधाच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, ते मी नाकारत नाही. खर्च वाचतो, दारू आणि पैसा वाटला जात नाही, पाच वर्षांची दुश्मनी टळते. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार ३० वर्षं बिनविरोध चाललं आणि त्या काळात गावात मोठं काम झालं. पण २०२१ साली तिथेही मतदान झालं. लोकांनी पोपटराव पवारांच्याच पॅनेलला निवडून दिलं आणि गाव आहे तिथेच आहे. म्हणजे ज्या कारभाराला लोकांची साथ आहे, त्याला मतपेटीची भीती नसते.

आता बिनविरोधाची दुसरी बाजू. त्याच वेळच्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेली. पैसे देवळाला द्यायचे ठरले. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही असाच लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाने या दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. या गावांत फूट नव्हती, बरं का! एकमतच होतं. पण ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ती त्या बोलीत कुठे बसणार होती?

हे आजचंच आहे असं नाही. आपल्या महाराष्ट्रात बाईचा प्रश्न काढला की ‘आत्ता फूट नको’ हे उत्तर शंभराहून अधिक वर्षं मिळत आलं आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं, एवढीच गोष्ट. त्यावरून सगळा महाराष्ट्र दुभंगला. आगरकर, रानडे, भांडारकर एका बाजूला, टिळक दुसऱ्या बाजूला. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असं एक म्हणत होते. घरात मुलीचे हाल होतात त्याचं काय, असं दुसरे विचारत होते. काँग्रेसच्या मंडपातच सामाजिक परिषद भरवण्याचा तोवर प्रघात होता. १८९५ च्या पुण्याच्या अधिवेशनात त्याला विरोध झाला, मंडप जाळण्याच्या धमक्या आल्या. शेवटी रानड्यांनी परिषद वेगळ्या जागी भरवली. राष्ट्राची एकी टिकली म्हणायची! पण बालविवाह, विधवांचे प्रश्न, मुलींचं शिक्षण हे सगळं त्या मंडपाबाहेर गेलं. एकीची किंमत कुणी मोजली, हे सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतरही तेच. हिंदू कोड बिलात मुलीला वारसाहक्क आणि बाईला घटस्फोटाचा हक्क होता. त्याला खुद्द सत्ताधारी पक्षातूनच इतका विरोध झाला, की ते रखडलं आणि १९५१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे करून चार कायदे झाले. बाबासाहेबांनी तेव्हा फूट टाळली असती, गप्प बसले असते, तर आज आपण सातबाऱ्यावर नाव लावा म्हणून तलाठ्याकडे कोणत्या तोंडाने गेलो असतो?

पण मैत्रिणींनो, सगळी फूट चांगली असं मी म्हणत नाही. १९९२-९३ ची मुंबई आपण विसरलेलो नाही. तीही राजकारणानेच पाडलेली फूट होती. एका चाळीत राहणारी, एका नळावर पाणी भरणारी माणसं एकमेकांना ओळखेनाशी झाली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला आहे. त्या दंगलीत बायकाही नुसत्या बळी नव्हत्या. काही जमावात होत्या, काही पुरुषांना चिथावत होत्या. आपल्या चळवळीला त्यावर फार विचार करावा लागला.

मग आगरकर-टिळकांची फूट आणि ही फूट यांत फरक काय? मला तो असा दिसतो. पहिली मताची फूट आहे, दुसरी माणसांची. मताच्या फुटीत तुम्ही आज इकडे, उद्या तिकडे जाऊ शकता. कुणी पटवलं तर मत बदलतं. माणसांच्या फुटीत तुमची बाजू जन्मताच ठरलेली असते, नाव आणि आडनाव सांगितलं की संपलं. तिथे वाद होतच नाही, कारण पटवायचं कुणालाच नसतं.

आणि हे ओळखायला मोठी पुस्तकं नकोत. गावात दोन साधे प्रश्न विचारा. घरातली सून सासऱ्याच्या पॅनेलविरुद्ध मत देऊन रात्री त्याच घरात निर्धास्त जेवू शकते का? आणि हरलेल्या बाजूच्या वस्तीला दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर त्या गावाला फुटीची भीती नाही. ‘नाही’ असेल, तर तिथली एकीही तितकीच घातक आहे. जातपंचायतीइतकं एकमत दुसरीकडे कुठे दिसतं? वेगळं मत काढलं, जातीबाहेर लग्न केलं, की वाळीत टाकलं. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो २०१७ पासून लागू आहे.

चांगली फूट कशी असते, ते आपल्या बायांनीच दाखवलं आहे. दारूच्या दुकानाविरुद्ध ‘उभी बाटली, आडवी बाटली’ हे मतदान तुमच्यातल्या कित्येकींनी केलं असेल. सह्या गोळा करायच्या, मग गुप्त मतदान. नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद. त्या दिवशी गाव दुभंगतं, घरंसुद्धा दुभंगतात. नवरा उभ्या बाटलीचा, बायको आडव्या बाटलीची. पण ती फूट जातीची नसते, भावकीचीही नसते. मराठा, माळी, बौद्ध, मुसलमान बाया एका रांगेत उभ्या असतात. आणि मत गुप्त असतं म्हणून तर ती नवऱ्याविरुद्ध ठामपणे देता येतात. पारावरच्या हात वर करण्याच्या ठरावात हे कधी झालं नसतं.

आपल्या चळवळीतही फूट पडते. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबार बंदी आली, तेव्हा स्त्री-संघटना एका बाजूला नव्हत्या. काहींनी बारबालांच्या रोजगाराचा हक्क मांडला. काही दलित कार्यकर्त्यांनी विचारलं, की जातीने ज्यांना नाचायला लावलं त्यांच्या नाचण्याला तुम्ही निवड कशी म्हणता? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी रद्द ठरवली, पण तो प्रश्न संपला नाही. ‘आम्ही सगळ्या बाया एक’ म्हणत राहिलो असतो, तर कुणाचं दुखणं ऐकायचं राहतंय हे कळलंच नसतं.

शेवटी संसदेचं उदाहरण. महिला आरक्षणाचं विधेयक १९९६ साली पहिल्यांदा आलं. इतर मागासवर्गीय बायांना त्यात वेगळा वाटा हवा की नको, यावर कडाक्याचं भांडण झालं. २०१० मध्ये ते राज्यसभेत मंजूर झालं आणि लोकसभेत अडलं. २०२३ मध्ये मात्र लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशा मतांनी घटनादुरुस्ती झाली. केवढं एकमत! पण कायद्यातच अट होती, की जनगणना होईल, मतदारसंघांची फेररचना होईल, त्यानंतर अंमल. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत ५४३ पैकी ७४ बाया निवडून आल्या. भांडणाने काम अडतं हे खरं, पण एकमतानेही पुढे ढकलता येतं. आणि इतर मागास बायांच्या वाट्याचा जो प्रश्न त्या भांडणाने उभा केला, तो या एकमतात तसाच पडून राहिला.

म्हणून पुढच्या निवडणुकीत ओट्यावर माणसं येतील, तेव्हा एवढंच म्हणा : बिनविरोध करायचं असेल तर त्या बैठकीत आम्हाला बसवा, आणि एकीचंही मन नसेल तर मतपेटी येऊ द्या. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याचा कायदा आहे, ती कागदावर होऊ देऊ नका. विरोधात मत पडलं तर ते नावानिशी इतिवृत्तात लिहून घ्या. निवडून आलात, तर पहिलं काम विरोधी बाजूच्या वस्तीतल्या नळाचं घ्या. आणि हरलात, तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या बाईच्या घरी जाऊन चहा प्या. तिच्या कारभारावर पाच वर्षं बारीक नजर ठेवायची आहे, तर तिच्याशी बोलणं चालू हवं.