पुस्तक चघळणारी पोर

(वस्तीतल्या वाचनालयात रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या बैठकीला मी उशिरा आलो. का, तर पोरीला चित्रांचं पुस्तक दाखवत बसलो होतो. हे सांगितल्यावर तुम्ही हसलात. एक जण म्हणाला, 'चौदा महिन्यांची पोर काय वाचणार? चळवळ सोडून हा आता ससा-कासव करत बसणार.' त्या हसण्याला उत्तर द्यायला आज उभा राहिलोय. भाषण मला येत नाही. घरात घडलं ते सांगतो.

माझी आई सफाई कामगार. तीस वर्षं पहाटे चौकीवर जाऊन हजेरी लावली, अंगठ्यानं. आमच्या खोलीत पहिलं पुस्तक आलं ते माझ्या शाळेबरोबर, मी सहा वर्षांचा असताना. ते वरच्या फळीवर. हात ओला असला तर धरायचं नाही. पाय लागला तर पाया पडायचं. म्हणजे बघा, जग आम्हांला शिवत नव्हतं आणि आम्ही पुस्तकाला शिवत नव्हतो. ही भीती आईच्या पोटातनं आलेली नाही, ती लिहून दिलेली आहे. गौतमाच्या धर्मसूत्रात स्वच्छ म्हटलंय, शूद्रानं कान देऊन वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता. म्हटला तर जीभ छाटा. डोळ्यांच्या आधी कानाचा बंदोबस्त केला साल्यांनी. शब्द आधी कानातनं आत जातो हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

आणि ते खरंच आहे. १९८६ साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि स्पेन्स या दोघांनी एक प्रयोग छापला. गरोदर बायकांना शेवटचे दीड महिने रोज दोनदा एकच गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगितली. पोरं जन्मली, दोन-तीन दिवसांची झाली, तेव्हा त्यांच्या तोंडात चोखणी दिली. चोखायची लय बदलली की ऐकू येणारी गोष्ट बदलायची. पोरांनी पोटात ऐकलेली गोष्ट निवडली. वाचणारी बाई परकी असली तरी तीच. डोळे धड उघडले नाहीत आणि आवडनिवड सुरू!

डोळ्यांचंही सांगतो. नवं बाळ आठ ते बारा इंचांवरचं तेवढं जरा नीट बघतं. अंगावर पिताना आईचं तोंड असतं तेवढंच अंतर. काळ्यापांढऱ्या ठळक रेघा त्याला आधी दिसतात, फिकट नाजूक रंग वाया जातात. चार-सहा महिन्यांचं झालं की पुस्तक तोंडात घालतं. घालू द्या. म्हणून तर ही पुस्तकं जाड पुठ्ठ्याची करतात. माझ्या पोरीनं हत्तीचा एक कोपरा पचवलाय. वर्षाच्या आसपास बोट दाखवायला लागतं. ते बोट म्हणजे प्रश्न. तिथं थांबायचं, नाव सांगायचं, ते काय आवाज काढतं त्याची वाट बघायची. गोष्ट पुरी करायची घाई आपल्याला असते, त्याला नसते. ते एका कावळ्यावर दहा मिनिटं बसेल आणि मग चार पानं एकदम उलटेल. मास्तरकी करायला गेलात तर उठून रांगत जाईल.

आता मूळ गोष्ट. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतनं मी एक पुस्तक आणलं होतं. त्यात एक पान, 'आपले मदतनीस'. डॉक्टर, बाई, पोस्टमन, पोलीस. आणि खालच्या कोपऱ्यात झाडूवाली. सगळे गोरेगोमटे, ती एकटी काळी. एके रात्री पोरीनं पान उघडलं, वरच्या सगळ्यांना टाकून तिनं नेमकं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'आज्जी.'

दोस्तांनो, माझ्या अंगाचं पाणी झालं. चौदा महिन्यांच्या पोरीला जागा कळली? पान फाडावं म्हणून मी हात घातला. आई जेवत होती. 'काय म्हणतीय ती?' म्हणून ताट सरकवून आली. डावा हात पदराला पुसला, पुस्तक तोंडाजवळ नेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पुस्तक हातात धरलं असेल, ते माझ्या देखत. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली,

'ही कुणी काढली रं? रस्ता काय कुंच्यानं झाडत्यात? खराटा लागतो, लांब दांड्याचा. अशी वाकून झाडंल तर आठ दिवसांत कंबर मोडंल तिची. चित्र काढणाऱ्यानं कधी रस्ता झाडलेला बघितला न्हाई.'

आणि पोरीला मांडीवर घेऊन तिनं हवेतच खराटा धरून दाखवला. हात कुठं, पाय कुठं, वारा असला तर कुठल्या बाजूनं सुरुवात. पोर खिदळत होती. मी फाडायला निघालेलं पान आईनं वाचलं. तेही लेखक-चित्रकाराची चूक काढून. अशी समीक्षा आपल्या अंकात एकदा तरी आलीय का, सांगा.

तरी माझा राग गेलेला नाही, हेही सांगतो. त्या पानावर आईला कोपराच का? बाकी पुस्तकात बाग, फ्रीज, बाळाची वेगळी खोली. आमची पोर पाण्याचा ड्रम शोधते, तो कुठल्याच पानावर नाही. हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेनं २००८ साली 'डिफरंट टेल्स' नावाची मालिका काढली, आपल्यासारख्या घरांतल्या पोरांच्या गोष्टींची. पण ती वाचत्या पोरांसाठी. मांडीवरच्या पोराच्या पुस्तकात आपलं घर मला अजून दिसलेलं नाही.

बॉस्टनच्या सरकारी दवाखान्यात १९८९ पासून डॉक्टर तपासणीला आलेल्या पोराच्या हातात पुस्तक द्यायला लागले. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ साली तीनशे बाळांच्या घरच्यांना पुस्तकं दिली, त्यातनं पुढं देशभराची योजना झाली. आपल्याकडे दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, बायका पोर घेऊन डोसाच्या रांगेत उभ्याच असतात. सुई मिळते. तिथंच एक पुस्तक द्या, ही मागणी आपण कधी केली? माझ्या तरी डोक्यात आली नव्हती.

आणि दुसऱ्याचं काय सांगू, हे आपलं वाचनालय बघा. १९७९ पासून निघालेले बाबासाहेबांचे खंड आहेत आपल्याकडे, अभिमान आहे. पण कपाटाला कुलूप, आणि भिंतीवर पाटी, 'लहान मुलांना आणू नये'. ही पाटी आपणच लावली. मीसुद्धा सही केलीय ठरावावर. ती आज उतरवा, आणि खालची फळी रिकामी करा, रांगणाऱ्याचा हात पोचेल अशी.

पुस्तकं कुठनं आणायची, विचाराल. एक मी केलंय, हे बघा. किराणावाल्याकडचा खोक्याचा पुठ्ठा, वर घरातले फोटो. ड्रम, लोकल, मावशी, गल्लीतलं कुत्रं. दाभणानं शिवलंय. चौथ्या पानावर आई आहे, खराट्यासकट. फोटोच्या आधी तिनं दोनदा पदर सारखा केला आणि खराटा कसा धरायचा ते मलाच सांगितलं. कडेला दातांचे वण दिसतात ते पोरीचे.

पुढच्या रविवारी ज्याच्या त्याच्या घरचे फोटो आणि पुठ्ठे घेऊन या. मैद्याची खळ आई शिजवून देणार आहे. पोरंही आणा, सांडलवंड होईल तेवढी होईल.

जयभीम.