बाळाची फाईल, आईची माहिती

आजचा विषय छोटा आहे, पण घरोघरी लागू होणारा. नवजात बाळाची हॉस्पिटलमधली फाईल.

बाळ जन्मतं तेव्हा त्याला नाव नसतं. मनगटावरच्या पट्टीवर आणि केसपेपरवर लिहितात, 'बेबी ऑफ अमुक'. म्हणजे फाईल बाळाची, ओळख आईची. आत माहितीही बरीचशी आईचीच: रक्तगट, आधीची बाळंतपणं, गर्भपात, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या तपासण्या. डॉक्टरांना ती लागतेच. आईला हिपॅटायटिस बी असेल, तर बाळाला 12 तासांच्या आत लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही द्यावं लागतं.

खरी अडचण पुढे आहे. डिस्चार्ज कार्ड हातात कोण घेतं? आई तर अजून पडून असते. बिल भरायला दीर जातो, औषधं आणायला नणंद. कुणीतरी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकतं. 'एचआयव्ही' हा शब्द कुठेही नसला तरी बाळाला 'नेव्हिरापिन' सुरू आहे एवढं वाचून गूगल केलं, की संपलं. घरात कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे ठरवायचा तिचा हक्कच गेला.

आपल्याकडे 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. संमतीशिवाय कुणाचं एचआयव्ही स्टेटस उघड करता येत नाही. उपचारासाठी एका डॉक्टरने दुसऱ्याला सांगणं वेगळं, आणि वॉर्डात नातेवाइकांसमोर मोठ्याने विचारणं वेगळं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हा ॲक्सेसचा प्रश्न दिसतो. बिलिंग काउंटरला किती दिवस बेड वापरला ते कळलं पाहिजे. आईचे रिपोर्ट कशाला? ज्याला जेवढं कामाचं, तेवढंच त्याच्या स्क्रीनवर दिसावं. आणि फाईल कोणी, कधी उघडली याची नोंद राहावी.

आपण काय करू शकतो? एक, बाळाच्या रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकू नका. बाळाचा फोटो टाकायचा तर आधी आईला विचारा, आणि मागे लटकलेला केसपेपर दिसत नाही ना, ते बघा. दोन, डॉक्टर आईशी बोलायला आले की आपणहून बाहेर जा. तीन, रेकॉर्डची कॉपी मागून ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी 72 तासांत कागद द्यायचे असतात, आणि ते 3 वर्षं जपायचे असतात. ती कॉपी मात्र आईकडेच राहू द्या.

पेढे सगळ्यांना वाटा, फाईल नको. भेटू पुढच्या भागात!