जनरल डबा परत येईल का?

(आपल्या कम्युनिटी रेडिओवर डिसेंबर २०२१ मध्ये झालेलं भाषण. बोललं तसंच छापत आहोत.)

शेतातून नुकत्याच आलेल्या असाल, भाकरी थापत ऐकत असाल, तरी दहा-पंधरा मिनिटं कान इकडं द्या. आज बचतीचं नाही, लसीचंही नाही. आज रेल्वेचं बोलायचंय.

गेल्या महिनाभरात जालना, परतूर, सेलू या पट्ट्यातल्या गटांतून एकच विचारणा होतेय. एसटीचा संप सुरू आहे, जीपवाला मागेल ते भाडं द्यावं लागतंय, मग आपली पॅसेंजर कुठं आहे? आणि मुंबईच्या गाडीला जनरल डबा दिसतो, पण टीसी त्यात चढू देत नाही, हे काय आहे? नव्या ओमायक्रॉनची बातमी आल्यापासून तर धास्तीच आहे, की होतं तेवढंही पुन्हा बंद होतंय की काय.

आधी काय काय झालं ते थोडक्यात सांगते. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू लागला आणि त्याच दिवसापासून देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हापासून सगळ्या देशाची प्रवासी रेल्वे अशी ठप्प कधी झाली नव्हती. मालगाड्या मात्र चालू होत्या. धान्य, कोळसा, खत यांची ने-आण थांबली नाही. प्रवासी गाड्या नसल्यानं रूळ मोकळे मिळाले, आणि मालगाड्यांचा वेग जवळजवळ दुप्पट झाला असं रेल्वेनंच सांगितलं.

त्याची किंमत आपल्या दारात दिसली. ८ मे २०२० ची पहाट तुम्ही कुणी विसरला नसाल. जालन्याच्या कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडं निघाले होते. तिथून गावाकडची गाडी मिळेल या आशेवर रुळाच्या कडेनं चालत होते. करमाडजवळ थकून रुळावरच झोपले, आणि मालगाडीखाली १६ जण गेले. रुळावर विखुरलेल्या पोळ्या आपण टीव्हीवर पाहिल्या. त्यांच्यासाठी श्रमिक गाड्या १ मे पासून सुरू झाल्या होत्या. पुढं अशा साडेचार हजारांहून जास्त गाड्यांनी ६३ लाख माणसं घरी पोचवली. काम मोठंच होतं, ते नाकारायचं नाही. पण माणूस चालायला लागतो तो गाडी नसते म्हणून, आणि गाडी आहे हे त्याला वेळेवर कळत नाही म्हणून.

मग हळूहळू गाड्या सुरू झाल्या. १२ मे ला दिल्लीहून एसी गाड्यांच्या १५ जोड्या निघाल्या. १ जूनपासून आणखी दोनशे गाड्या आल्या, सप्टेंबरमध्ये ऐंशी, दिवाळीला सणाच्या गाड्या. सगळ्यांच्या नंबराआधी शून्य, म्हणजे 'स्पेशल'. आता जरा बारीक लक्ष द्या. आधी काय आलं? एसी. मग काय आलं? आरक्षणाच्या गाड्या. सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी काय आलं? पॅसेंजर. गेल्या महिन्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, रेल्वेनं जाहीर केलं की शून्याचा नंबर काढतो, जुने नंबर आणि जुनी भाडी परत आणतो. पेपरात वाचून आपल्याला वाटलं, चला, सुटलो. पण त्या जुन्यात तीन गोष्टी परत आलेल्या नाहीत, आणि तिन्ही आपल्याच आहेत.

पहिली गोष्ट जनरल डब्याची. अजून बहुतेक लांबच्या गाड्यांत जनरल डब्याचं तिकीटसुद्धा आधी आरक्षण करून घ्यावं लागतं. १५ रुपये आरक्षणाचे वर द्यायचे, एवढंच असतं तर चाललं असतं. पण आरक्षण म्हणजे काय ते बघा. कुणाच्या तरी हातात मोठा फोन पाहिजे, त्यात रिचार्ज पाहिजे, बँक जोडलेली पाहिजे, नाहीतर सेंटरवाल्याला तीस-चाळीस रुपये वर मोजायचे. आणि दोन-चार दिवस आधी ठाऊक पाहिजे की आपल्याला जायचंय. बाईचा प्रवास असा ठरवून होतो का? लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला, भाऊ गेल्याचा निरोप आला, पिशवी भरायची अन् निघायचं. जनरल डब्याचा मोठेपणा काय होता? खिडकीवर पैसे टाकले की तिकीट, आणि कुणाला नाव सांगायची गरज नाही.

दुसरी पॅसेंजर. काही ठिकाणी ती सुरू झाली, पण एक्सप्रेस म्हणून. कमीत कमी १० रुपयांचं तिकीट होतं ते ३० झालं. बाजाराला जाऊन येऊन २० लागायचे तिथं ६० लागतात. मेथीच्या, हरभऱ्याच्या भाजीच्या दोन पाट्या घेऊन जालन्याला, औरंगाबादला जाणाऱ्या बाईनं विकायचं किती आणि भाड्यात घालायचं किती? याचं कारण रेल्वेनं असं दिलं की साथीत विनाकारण प्रवास होऊ नये. पाटी डोक्यावर घेऊन पहाटे निघालेल्या बाईचा प्रवास विनाकारण कसा, हे मला कुणी समजावून सांगावं.

तिसरी सवलत. ५८ वर्षांवरच्या बाईला निम्मं भाडं असायचं, ६० वरच्या पुरुषाला ४० टक्के सूट असायची. मार्च २०२० मध्ये ती काढली. म्हाताऱ्या माणसांनी प्रवास टाळावा म्हणून, असं सांगितलं. तेव्हा ते पटलंही होतं. आता लस झाली, भाडी जुनी झाली, सवलत मात्र अजून आलेली नाही.

तुम्ही म्हणाल, साथीत गर्दी नको हे तर खरंच आहे ना? खरं आहे. साथ आणि आगगाडी यांचं नातं जुनं आहे. १९१८ ची तापाची साथ बोटीनं मुंबईत आली आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. त्याआधी १८९६ ला प्लेग आला, तेव्हा इंग्रजांनी १८९७ चा साथरोग कायदा केला, त्यात रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी लिहिलेलीच होती. स्टेशनावर माणसं उतरवून गाठ आली का ते बघायचे. बायकांनाही परक्या पुरुषांकडून तपासून घ्यावं लागे, त्यावरून लोक फार चिडले होते. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला. म्हणजे साथ आली की सरकारची नजर आधी स्टेशनावर जाते, आणि त्यात चूक नाही.

पण गर्दी होते कशानं? शंभर माणसांना दोन गाड्या होत्या, त्यातली एक बंद केली तर राहिलेल्या गाडीत शंभर माणसं कोंबली जाणार. उरलेली जीपमध्ये. एका काळीपिवळीत पंधरा बाया मांडीवर लेकरं घेऊन बसतात, तिथं कसलं अंतर आणि कसला मास्क. आमच्या आरोग्याच्या ताई सांगतात की बंद खोलीपेक्षा वारा खेळत्या जागी हा आजार कमी पसरतो. मग खिडक्या उघड्या असणारा साधा डबा बंद, आणि काचा बंद असणारा एसी डबा सगळ्यात आधी सुरू, हे कोडं मला सुटलेलं नाही. साथीत साध्या गाड्या जास्त सोडायला पाहिजेत, डबे वाढवायला पाहिजेत, म्हणजे माणसं विरळ बसतील.

रेल्वेची बाजूही ऐकून घेऊ. आपल्या तिकिटावर छापलेलं असायचं, आठवतं का, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून निघतो. बाकीची तोंडमिळवणी मालगाडीच्या कमाईतून. हिशेबाच्या वहीत बघितलं तर पॅसेंजर तोट्याची. त्यातच नवं वेळापत्रक करताना धोरण असं ठरलं, की पॅसेंजरच्या एक्सप्रेस करायच्या आणि जिथं प्रवासी थोडे तिथले थांबे कमी करायचे. ही सगळी कामं एरवी करायला घेतली असती तर स्टेशनांवर लोक बसले असते. साथीत कुणाला बाहेरच पडायचं नव्हतं, त्यामुळं ओरड झाली नाही. माझी भीती हीच आहे. साथीपुरतं म्हणून जे बंद झालं, ते साथ गेल्यावर 'आता अशीच रीत आहे' म्हणून राहून जाईल.

आणि रेल्वेला मनावर घेतलं तर करता येतं हेही याच साथीनं दाखवलं. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून बिहारच्या दानापूरला पहिली किसान रेल्वे गेली. भाजी-फळाच्या भाड्यात निम्मी सूट मिळाली. सांगोल्याचं डाळिंब बंगालपर्यंत पोचलं, आपल्याच नांदेड विभागातल्या नगरसोलहून कांदा गेला. या वर्षी एप्रिलमध्ये ऑक्सिजन संपत आला, तेव्हा कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला नेले आणि भरून नागपूरला, नाशिकला आणले. नंदुरबारला दवाखान्यात जागा उरली नाही तेव्हा रेल्वेचे डबे उभे करून त्यात रुग्ण ठेवले. हे सगळं चांगलंच झालं. फक्त कांद्याला गाडी मिळते, सूटही मिळते, आणि कांदा काढणाऱ्या बाईला मिळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता जे आजही चालू आहे ते सांगते, कारण बऱ्याचजणींना वाटतं की सगळ्याच सवलती गेल्या. रुग्णांच्या, काही दिव्यांगांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सवलती रेल्वेनं बंद केल्या नव्हत्या. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाता-येता स्लीपरमध्ये पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी दवाखान्याकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्यायचा. ही सवलत मोबाइलवर मिळत नाही, स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरच जावं लागतं. टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्या आपल्या कितीतरी बाया सेंटरवाल्याकडून पूर्ण पैशाचं तिकीट काढतात. त्यांना हे सांगा. पुढं मुंबईत लोकलनं जायचं असेल तर दोन्ही डोसचं सर्टिफिकेट जवळ ठेवा. लांबच्या गाडीत स्लीपरला बायकांसाठी सहा जागांचा कोटा असतो, तोही खिडकीवर मागून घ्या. पंचेचाळीस वर्षांवरच्या आणि गरोदर बायांसाठी खालच्या बाकांचा कोटा वेगळा.

एक गोष्ट रेडिओवर बोलू की नको असं वाटत होतं, पण बोलते. रांजणी, सातोना अशा लहान स्टेशनांवरून चढणाऱ्या आपल्यातल्या कितीजणी तिकीट काढत होत्या? 'एका स्टेशनाचं काय तिकीट काढायचं' असं म्हणत आपण डब्याच्या दाराशी पाट्या ठेवून बसत होतो. थांबा ठेवायचा की नाही हे साहेब लोक विकलेल्या तिकिटांवरून ठरवतात. पन्नास बाया चढल्या आणि सात तिकिटं खपली, तर वहीत सातच माणसं. दंडाचं सोडा, थांबा वाचवायचा असेल तरी तिकीट काढा.

आता अर्जाचं. अर्ज प्रत्येक गटानं आपल्या गावाच्या नावानं करायचा, सगळ्यांचा मिळून एक नको. आपला मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो, म्हणून अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापक, नांदेड यांच्या नावे. मागण्या तीनच लिहा. पॅसेंजर जुन्या भाड्यात आणि जुन्या थांब्यांसह सुरू करा, लांबच्या गाड्यांतला जनरल डबा बिनआरक्षणाचा करा, ५८ वर्षांवरच्या बायांची सवलत परत द्या. भाषणं लिहू नका. त्याऐवजी आकडे द्या. गावातल्या किती बाया आठवड्याला कुठं जातात, बाजाराला किती, दवाखान्याला किती, कॉलेजच्या पोरी किती, आधी किती पैसे लागायचे आणि आता जीपला किती लागतात. गटाच्या बैठकीत वही काढून बसलात तर तासाभरात हे काम होतं. सह्या करता येतील तिनं सही, नाही तिनं अंगठा, पुढं नाव आणि गाव.

पुढच्या ग्रामसभेत हाच विषय घेऊन ठराव करून घ्या आणि ठरावाची नक्कल अर्जाला जोडा. एक प्रत खासदारांना, एक स्टेशन मास्तरला. स्टेशनात तक्रारवही असते, ती मागून तिच्यातही लिहा. मास्तर वही नाही म्हणाला तर १३९ नंबरला फोन करून तक्रार नोंदवता येते. अर्ज पोस्टानं पाठवाल तर रजिस्टर करा, हातानं द्याल तर आपल्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. ती प्रत गटाच्या फाईलला लावा आणि महिन्यानं उत्तर आलं का ते विचारायचं काम एका बाईकडं नावानिशी सोपवा.