‘गो’चें ‘वेंट’ कां होतें?

‘प्ले’चें ‘प्लेड’, ‘ओपन’चें ‘ओपन्ड’ हा क्रम एकदां उमगला, कीं इंग्रजी शिकणारें मूल मोठ्या विश्वासानें ‘आय गोएड होम’ असें म्हणून जातें. लागलींच कोणी त्याला अडवितें, कोणी हंसतें, आणि पुढें तें इंग्रजी बोलावयासच कचरूं लागतें. वस्तुतः त्या मुलानें नियम आत्मसात् केलेला असतो. त्याला ठाऊक नसतो तो केवळ अपवाद. घरांतील चिमुकलें बाळ ‘मी केलं’ याऐवजीं ‘मी करलं’ म्हणतें, तेव्हां आपणांस कौतुक वाटतें. मग परभाषेंतील त्याच धडपडीस उपहास कां?

हे अपवाद म्हणजे भाषेंतील अंदाधुंदी नव्हे. ते बहुतांशीं जुन्या व्यवस्थेचे अवशेष आहेत. प्राचीन इंग्रजींत कित्येक क्रियापदांचा भूतकाळ आंतील स्वर पालटून होत असे. ‘सिंग’चें ‘सँग’ हें त्याच घराण्यांतील रूप. ‘हेल्प’चें ‘होल्प’ असेंहि रूप एके काळीं प्रचारांत होतें. तें मागें पडून ‘हेल्प्ड’ रूढ झालें. २००७ सालीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत प्राचीन इंग्रजींतील १७७ अनियमित क्रियापदांचा मागोवा घेतला होता; त्यांपैकीं आजच्या इंग्रजींत ९८ च अनियमित उरलीं आहेत. जीं क्वचित् वापरांत येतात, तीं नियमाला लवकर वश होतात. जीं पदोपदीं लागतात, तीं आपलें जुनें रूप सोडीत नाहींत. म्हणूनच ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘से’, ‘गो’ हीं नित्याचीं क्रियापदें अनियमित राहिलीं.

‘वेंट’ तर मूळचें ‘वेंड’ या निराळ्याच क्रियापदाचें रूप. ‘गो’नें तें आपलेंसें केलें. यांत आपण नवल करावें असें कांहीं नाहीं. आपलें ‘जाणें’ संस्कृत ‘या’ धातूपासून आलें, आणि ‘गेला’ हें रूप ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून! तरी ‘जाणें’चें ‘गेला’ कसें झालें, असा प्रश्न आपल्या मनांत कधीं येत नाहीं. कारण तें रूप आपण ऐकत ऐकत शिकलों.

तेव्हां वर्णानुक्रमानें लावलेली लांबलचक यादी घोकण्यापेक्षां ध्वनिसाम्यानें गट पाडावे. ‘सिंग–सँग’, ‘रिंग–रँग’, ‘ड्रिंक–ड्रँक’ हा एक; ‘कीप–केप्ट’, ‘स्लीप–स्लेप्ट’, ‘वीप–वेप्ट’ हा दुसरा; ‘कट’, ‘पुट’, ‘हिट’ हीं मुळींच न पालटणारीं, हा तिसरा. एका दिवशीं एकच गट घ्यावा, आणि काल काय घडलें हें मुलाकडून त्याच क्रियापदांनीं वदवावें.

मूल ‘गोएड’ म्हणालें, तर त्याला मध्येंच थांबवूं नये. ‘येस, यू वेंट होम’ असें सहज म्हणून बोलणें पुढें चालवावें. योग्य रूप कानांवर वारंवार पडलें म्हणजे तें कालांतरानें जिभेवरहि येतें; पण बोलण्याचा धीर एकदां खचला, तर तो परत आणणें फार कठीण असतें.